रांगोळीची केबिन

"मला उचलायच्या आदी इचारत जा, अंबू. मी काय पेंडीचं पोतं न्हाई. कुठं धरायचं ते मी सांगते, मग हात लाव."

सासूबाईंचा, हरणाबाईंचा हा आवाज अंबूबाईंना अलीकडं रोज ऐकू यायचा. शेवटची वर्षं हरणाबाई अंथरुणावर होत्या आणि त्यांना उठवणं-बसवणं सगळं अंबूबाईंनीच केलं होतं. तेव्हा वाटायचं, एवढी सेवा करतोय तरी म्हातारीची कुरकूर काही थांबत नाही. आता मिरजेला मणक्याचं ऑपरेशन होऊन स्वतःच्या पायातलं बळ गेल्यावर त्यांना कळत होतं, की ती कुरकूर नव्हती.

आत्ताही देवघरात त्यांचा जप संपायचा होता. माळेतले बरेच मणी बोटांखालून जायचे होते. एवढ्यात धनाजी मळ्यातून आला. "चल आई, ताई आली साताऱ्यासनं," म्हणत त्यानं एक हात पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि आईला अलगद उचललं. तालमीत घडलेलं अंग. त्याला त्यात काहीच जड नव्हतं. माया तर होतीच. औंधच्या यमाईच्या सगळ्या पायऱ्या त्यानं आईला असंच चढवलं होतं आणि अख्ख्या आष्टा गावात त्याचं नाव झालं होतं. अंबूबाईंनी माळ मुठीत घट्ट धरली. राहिलेला जप त्यांनी मुलाच्या छातीशी पुरा केला आणि मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

सोप्यात त्यांना 'रणगाड्या'त बसवलं गेलं. हे नाव त्यांच्या यजमानांनी, सुभेदार आकारामांनी दिलेलं. बाजारातल्या व्हीलचेअर काळ्या मातीत रुततात, म्हणून धनाजीनं वेल्डिंगवाल्याकडून जाड पाइपांची खास खुर्ची बनवून घेतली होती. फटफटीसारखे टायर, उसाच्या ट्रॉलीचा लाल रंग. बांधावरून गेली तरी कलंडत नसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला धनाजी ती दाखवायचा.

अंगणात रेश्मा, धनाजीची बायको, ओणवी होऊन रांगोळी ओढत होती. ना ठिपके, ना कमळ. नुसत्या सरळ रेघा.

"हे काय गं वहिनी?" गाडीतून उतरलेल्या लेकीनं, संयोगितानं विचारलं.

"आत्यांची केबिन, वन्सं," रेश्मा म्हणाली. सासूला ती इकडच्या रीतीनं आत्याच म्हणायची. "बोटीच्या कंपनीनं खोलीचा नकाशा धाडलाय. टेप लावून जशीच्या तशी काढली. ही खाट, हे कपाट, हे न्हाणीचं दार, आणि हे भाईरचं दार. पांगळ्या मान्सासाठनं मुद्दाम बांधलेली खोली हाय. न्हाणीला उंबरा न्हाई, भितीला धरायला दांडे हायत. असल्या खोल्या बोटीवर मोजक्याच. आपल्यासाठनं एक धरून ठेवलीया, पर उद्या संध्याकाळपतूर खुर्चीची रुंदी कळवायची. न्हाई कळवली तर मागं लोक नंबर लावून बसल्यात."

चप्पल काढून संयोगिता आईपाशी आली, पाया पडली आणि मगच म्हणाली, "आई, मी तुला न्यायला आले. हे सगळे जाऊ देत समुद्रावर. तू माझ्याकडे राहा."

सोप्यात बसलेल्या आकारामांनी वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उघडली.

दिवाळीनंतर मुंबईहून लक्षद्वीपला जाणारी ती बोट हा आकारामांचाच बेत होता. नोकरीत असताना ते एकदा पलटणीबरोबर जहाजानं पोर्ट ब्लेअरला गेले होते. सुट्टीवर आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं होतं, "चहूकडं पानी. काठच न्हाई. आभाळ सुदीक पान्यात बुडल्यालं." अंबूबाईंचं माहेर आटपाडीकडचं. तेव्हा तिकडं दुष्काळ होता आणि त्या माहेरी टँकरमागं घागर घेऊन धावत होत्या. नवरा सांगतोय ते खरं की थट्टा, हेच त्यांना कळेना. पण ते पाणी त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नाही ते नाहीच.

"ताई, भ्या कशापायी?" धनाजी म्हणाला. "मी हाय की. जिथं अडंल तिथं उचलीन."

"उचलून लोकांना समुद्रात फिरवतात का रे धना? आणि बोट हलली म्हणजे? तोल गेला म्हणजे?" संयोगिताचा आवाज चिरकला. मिरजेच्या दवाखान्यात आईपाशी तीच राहिली होती. शुद्धीवर आल्यावर आईनं पाय हलवायचा प्रयत्न केला आणि तो हलला नाही, त्या वेळचा आईचा चेहरा तिनं एकटीनं पाहिला होता. त्याबद्दल ती कुणाशी कधी बोलली नव्हती. "बेटांवर तर तिला उतरताही यायचं नाही. मी वाचलंय सगळं. बोट लांब उभी राहते, लहान होडीत उड्या टाकून जावं लागतं. खुर्ची घेत नाहीत."

"व्हय, ते खरं हाय," रेश्मानं कबूल केलं. "मी इचारलं फोनवर. होडीत त्यांचं न्हाई जमायचं."

"मग? तुम्ही बेटावर जाणार आणि ही केबिनमध्ये भिंतीकडं बघत बसणार!"

"आदी खुर्ची तर घालून बघू दारातनं," आकाराम हळूच म्हणाले. मुलगा आणि लेक यांच्यात पडायचं त्यांच्या जिवावर यायचं. सरहद्दीवर सोपं होतं. समोर कोण ते माहीत असायचं.

धनाजीनं रणगाडा अंगणात उतरवला आणि ऐटीत ढकलत रांगोळीच्या दाराशी आणला. रेश्मा खाली वाकून बघत होती. पुढची चाकं रेघांच्या आतून गेली. मागचे जाड टायर मात्र दोन्ही बाजूंच्या रेघांवर चढले. पांढरी रांगोळी टायरच्या खाचांत बसली आणि केबिनचं दार अंगणातून पुसून गेलं.

"तिरकी घ्या जरा," रेश्मा म्हणाली.

तिरकी घेतली, तर खाट पुसली गेली.

"बघितलंस?" संयोगिता म्हणाली. जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर नव्हता, सुटकेचा होता. "पांगळ्यांसाठी बांधलेल्या दारातनंही जात नाही. संपलं."

धनाजीचे कान लाल झाले. एवढ्या हौसेनं बनवलेली खुर्ची! "दार बारीक हाय त्येंचं! आपल्या घरात कवा अडली का? सोप्याचं दार दोन झडपांचं, कशी सुळ्ळकन जाती. आन जिथं बारीक दार हाय तिथं मी उचलतोच की. ह्ये बघ." त्यानं रणगाड्यातून आईला उचलायला हात घातले.

"थांब."

अंबूबाईंनी आवाज चढवला नव्हता. पण धनाजीचे हात जागच्या जागी राहिले.

"हात लावू नगंस, बाळा. मला आदी बोलू दे." त्यांनी माळ पदराच्या गाठीत सारली. "तू मला फुलागत उचलतोस. देव तुला उदंड आयुष्य दिवो. पर मला कुटं जायाचं हाय, कवा जायाचं हाय, ते मला कवा इचारलंस का? सकाळी मळ्यातनं तू येतूस तवा माझी पूजा. तू उशिरा आलास तर देव बी पारुसा आन मी बी उपाशी. देवघराचं दार बारीक हाय, न्हाणीचं दार बारीक हाय. दोन वरसं झाली, ह्या घरात मी एकटी कुटल्याच दारातनं आत गेली न्हाई."

धनाजीनं हात मागं घेतले. रेश्मा मान खाली घालून बोटांना लागलेली रांगोळी झाडू लागली. घरातल्या दारांना टेप लावायचं तिलाही सुचलं नव्हतं.

"आन संयोगिता, तू भितीस त्ये मला कळतंय. पर बेट कुनाला बघायचंय गं? जिमीन मी जल्मभर बघितली. मला पानी बघायचंय. बोटीच्या गच्चीवर जायाला खुर्चीची वाट हाय का, रेश्मा?"

"हाय आत्या. लिफ्टनं थेट. दाराला बी उतार केलाय. मी पयलं त्येच इचारलं. सकाळी सूर्याला अर्घ्य दिल्याबिगर तुमी तोंडात पानी घेत न्हाई, मला ठावं हाय की."

"मग झालं. तुमी जावा बेटावर, शहाळ्याचं पानी प्या. मी गच्चीवर बसते. ह्ये बसतील माझ्यासंगं." त्यांनी नवऱ्याकडं बघितलं.

"बसीन की," आकाराम म्हणाले. वर्तमानपत्र बाजूला पडलं. "बेटाला काय सोनं लागलंय?"

"मामा, तुमी आत्तापतूर कुटं हुता?" रेश्मा हसत म्हणाली.

"रसद यायची वाट बघत हुतो," सुभेदार म्हणाले.

"मिरजंला बारीक खुर्च्या मिळत्यात का गं, संयोगिता?" अंबूबाईंनी विचारलं. "दवाखान्याभवती दुकानं बघितली हुती मी. उद्या सकाळी जायाचं. मला घिऊन. माझी खुर्ची माझ्या माघारी आनायची न्हाई."

संयोगिताला 'नाही' म्हणायचं होतं. पण आईनं हट्टानं काही मागितल्याचं तिला आठवेना. लहानपणी सगळ्यांना वाढून झाल्यावर आई स्वतःसाठी भाकरीचा मोडका तुकडा घ्यायची, आणि कुणी विचारलं तर "मला असलाच आवडतो" म्हणायची.

"जाऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या दुकानात दुकानदारानं खुर्चीतल्या अंबूबाईंकडं एक नजर टाकली आणि संयोगिताला विचारलं, "यांचं वजन किती असेल? हातात ताकद आहे का?"

संयोगितानं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"मला इचारा की," अंबूबाई म्हणाल्या. "पाय न्हाईत म्हणून कान गेल्यात व्हय? हातात लय ताकद हाय. जल्मभर घागरी वडल्यात."

दुकानदार ओशाळला आणि मग मात्र त्यानं मन लावून दाखवलं. हलकी, घडीची, बारीक. मापाला टेप लावून दिली. पाय ठेवायच्या फळ्या निघतात, अडचणीच्या जागी वळताना काढून ठेवायच्या. खाटेवर सरकताना बाजूचा हात काढता येतो. सरकायच्या आधी दोन्ही ब्रेक लावल्याशिवाय हलायचं नाही. बोटीवर जाताय तर औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, ती बॅग खोलीत उशिरा येते. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी मांडीवरच्या पिशवीत. चढताना सरळ, उतरताना खुर्ची पाठमोरी.

"पाठमोरी का?" संयोगितानं विचारलं.

"सरळ नेली तर माणूस पुढं घसरतं, ताई."

अंबूबाईंनी दुकानातल्या दुकानात एक फेरी मारली. वळल्या. कपाटाला लागता लागता थांबल्या, मागं घेतली, पुन्हा वळल्या. चाकाच्या कडीवर त्यांचे हात कसे पडत होते ते संयोगिता बघत होती. दवाखान्यातला तो चेहरा ती इतके दिवस मनात जपत होती. त्याच्या जागी आता हे हात येऊन बसले. तिनं नाक ओढलं आणि दुकानदाराला म्हणाली, "आणि न्हाणीत बसायचं स्टूलही दाखवा. पाय न घसरणारं."

दुपारी त्या घरी आल्या तेव्हा अंगणातली केबिन कोंबड्यांनी विस्कटलेली होती. रेश्मा टेप घ्यायला आत गेली, तर मागून संयोगिताच म्हणाली, "दे इकडं. मी काढते. शाळेत फळ्यावर रोज काय करते मी?" आणि साताऱ्याची मास्तरीण पदर खोचून अंगणात ओणवी झाली.

धनाजी गोठ्याच्या खांबाला टेकून लांबच उभा होता. रात्री त्यानं रणगाड्याला फडकं मारलं होतं, टायरमधली रांगोळी काडीनं काढली होती. राग नव्हता त्याला. फक्त आपण ही दोन वर्षं आईचे पाय झालो असं वाटत होतं, आणि ते तसं नव्हतंच की काय, हे उकलत नव्हतं.

अंबूबाई नव्या खुर्चीत बसल्या. सगळ्यांना वाटलं, आता अंगणात उतरतील. त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि सोप्यातून आत नेली. देवघरापाशी थांबल्या. पाय ठेवायच्या फळ्या काढून भिंतीला लावल्या. दाराच्या दोन्ही बाजूंना हाताच्या बोटांनी चाचपून बघितलं आणि हळूच एक रेटा दिला. खुर्ची आत गेली.

मग घंटी वाजली. अवेळी, भर दुपारी, नैवेद्य नाही की आरती नाही. नुसती घंटी, बराच वेळ.

धनाजी गोठ्यापासून तरातरा आला आणि देवघराच्या दारात चौकटीला धरून उभा राहिला.

"मग आता माझं काय काम ऱ्हायलं?" त्यानं विचारलं. थट्टेनं विचारायचं ठरवलं होतं, पण थट्टा जमली नाही.

अंबूबाईंनी मुलाच्या कपाळाला अंगारा लावला. त्यासाठी त्याला वाकावं लागलं. "लय काम हाय. बोटीवर चढायचा उतार हाय म्हनं. तितं मागनं धरायला तुझ्यावानी गडी पायजे. बोटीवरच्या मान्सांना मी सांगनार, माझा पोरगा धरतोय, तुमी नुसतं संगं चला. पर मी म्हनीन तवा रेटायचं. आन मळ्यात जायाला तुझा रणगाडाच. ह्या काटकुळीला चिखलात कोन नेणार?"

"काटकुळी!" धनाजी हसला. डोळे पुसले. "आयला, नाव बी ठिवलं लगीच."

मग अंगण. संयोगितानं रेघा इतक्या बारीक ओढल्या होत्या, की फुंकर घातली तरी उडाव्यात. अंबूबाई बाहेरच्या दारातून आत गेल्या. खाटेच्या बाजूनं वळल्या, न्हाणीत शिरल्या, स्टुलाशेजारी खुर्ची लावली, ब्रेक लावले. खुर्चीचा हात काढून स्टुलावर सरकायची तयारी दाखवली आणि परत फिरल्या. रेश्मा श्वास धरून उभी. संयोगिता मात्र चाकांमागून गुडघ्यांवर चालत एकेक रेघ पेपर तपासावा तशी बघत गेली. शेवटच्या दाराशी ती थांबली आणि टाचांवर बसली.

"कण हलला नाही," ती म्हणाली. "आई, एक कण हलला नाही!"

"शाब्बास, पलटन!" आकाराम असे गरजले, की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. धनाजीनं शीळ घातली. रेश्मानं तिथल्या तिथं रुंदी कळवली आणि फोन हातात धरूनच उभी राहिली. अंबूबाई रांगोळीच्या खोलीत, रांगोळीच्या खाटेशेजारी, राणीसारख्या बसून होत्या. बाहेर यायला त्या तयारच नव्हत्या.

चहा होता होता उत्तर आलं. खोली त्यांचीच. रेश्मानं ते दोनदा वाचून दाखवलं. बोट सुटायच्या आधी सगळ्यांना धोक्याची कवायत करायला लावतात. तेव्हा अंबूबाईंसाठी एक माणूस नेमलेला असेल, असंही त्यात होतं.

"माझंही नाव घाल," संयोगिता कपात बघत म्हणाली.

"व्हय वन्सं?"

"उतारावर पाठमोरी कोण सांगणार धनाला? तो सरळच नेईल."

पेच पडला तो पुढं. त्या खोलीत दोघांचीच सोय होती. आईसोबत कोण झोपणार?

"मीच," रेश्मा म्हणाली. "दोन वरसं त्यांच्याच खोलीत झोपतीया. त्यांचं सगळं मला म्हायती."

"म्हणूनच तू आता नवऱ्याबरोबर राहा," संयोगिता म्हणाली. "मी राहते. लेक आहे मी."

"आणि मी सून न्हवं?"

"अगं, तसं कुठं म्हणाले मी?"

"ह्यांना झोपू दे माझ्यासंगं," अंबूबाई म्हणाल्या.

आकारामांनी कप खाली ठेवला. ऑपरेशन झाल्यापासून त्यांची खाट सोप्यात होती. अंबूबाईंची अंघोळ, लुगडं, वेणी, सगळं बायकांकडं. त्यात पुरुषानं काय करायचं, असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"मामांना जमंल?" रेश्मानं हळूच विचारलं. "नऊवारी लुगडं हाय. खाटेवर एका कुशीवरनं दुसऱ्या कुशीवर घिऊन नेसवायचं. आंगूळ हाय."

"नाही जमायचं बाबांना," संयोगिता म्हणाली.

आकाराम बायकोकडं बघत होते. तिच्या गालावर देवघरातला अंगारा लागला होता, आणि ती त्यांच्याकडं लग्नात बघितल्यासारखी चोरून बघत होती.

"रायफल खोलून डोळं झाकून जोडत हुतो मी," ते म्हणाले. "लुगडं नेसवाय येनार न्हाई व्हय? उद्या सकाळधरनं हिचं सगळं माझ्याकडं. रेश्मा, तू सांगायचं, हात लावायचा न्हाई. बोट सुटंपतूर मी तयार झालो नसलो, तर तुमी जावा. पर मी व्हतो."

"आवं, चारचौघांत काय!" अंबूबाई लाजून म्हणाल्या, पण नको म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पूर्वेला नुसतं फटफटत होतं. मळ्यातल्या पाइपातून पाणी पडायचा आवाज येत होता. रेश्मा आज धनाजीच्या खोलीत, अंथरुणात जागी होती. पण ठरल्याप्रमाणं ती उठली नाही, कूस बदलून भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

आकाराम सोप्यातल्या खाटेवरून उठले. चूळ भरली, देवाला हात जोडले. बंब आधीच पेटवून ठेवला होता. पाणी कोपरानं बघितलं, थोडं गार ओतलं. दोरीवरून हिरवं लुगडं काढलं, काठ कोणता न् पदर कोणता हे उजेडाकडं धरून दोनदा बघितलं आणि नीट घडी करून खांद्यावर टाकलं. नवं स्टूल काखेत घेतलं. मग बाह्या वर सारून त्यांनी बादली उचलली आणि पाणी हिंदकळू न देता, अनवाणी, अंबूबाईंच्या खोलीकडं निघाले.